दांडा पडला का?

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी घोड्यावर बसायला शिकले आणि दीड वर्षात उड्याही मारायला लागले. म्हणजे उड्या घोडी मारायची, मी वर टिकून राहायचे. त्र्यंबक रोडवरून आत गेलं की आमचं घोडेस्वारीचं मैदान. शिकवणारे गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

माझी खोड एकच. अडथळा ओलांडला की मान आपोआप मागे वळायची, वरचा दांडा पडला का ते बघायला. दोष माझा नाही, नोकरीचा. सातपूरच्या कारखान्यात बावीस वर्षं मी तयार झालेला माल तपासते. झालेल्या कामाकडे वळून बघायचाच मला पगार मिळतो. पण मी मागे बघितलं की खांदा फिरायचा, वजन सरकायचं, आणि बिचारी आज्ञाधारक घोडी पुढचा अडथळा सोडून थेट लिंबाच्या सावलीत जाऊन उभी राहायची.

"मॅडम, पडला तो पडला," उस्ताद म्हणायचे. "तुम्ही बघितल्यानं तो काय परत वर चढनार नाय. वळताना पुढच्या दांड्याकडं बघा. तुम्ही बघाल तिकडं ती जाईल."

मला सगळं पटायचं. मान ऐकायची नाही.

शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. रविवारी दोन अडथळे आणि मधलं वळण. "दांडा पडला तरी चालंल. वळण चुकलं तर पुढच्या रविवारपासून पोरांच्या बॅचला." पोरांची बॅच म्हणजे आठ-नऊ वर्षांची मुलं, एकामागे एक गोल गोल. त्यांच्यात मी! नुसत्या कल्पनेनं रडू यायचं तेवढं बाकी होतं.

रविवारी उस्ताद दुसऱ्या अडथळ्याच्या पलीकडे, जरा बाजूला, हात वर करून उभे राहिले. "किती बोटं हायेत ते वळताना वरडून सांगा."

पहिली उडी झाली. मागे खट्‌कन आवाज आला. मान निघालीच होती, पण मी दातओठ खाऊन बोटं शोधली. "तीन" म्हणून ओरडले तोवर घोडी वळलीसुद्धा होती. पुढच्या क्षणी आम्ही दोघी पलीकडे.

"पुढच्या रविवारी ह्याच बॅचला या," उस्ताद म्हणाले.

मग मी सावकाश मागे वळून बघितलं. पहिला दांडा मातीत पडला होता. बावीस वर्षांत रिजेक्ट पीस बघून मी पहिल्यांदाच हसले.