सत्तावीस नंबरची बाटली

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे, कारण मास्तरांनी कुणाबद्दल, जित्याबद्दल किंवा मेलेल्याबद्दल, चांगला शब्द काढल्याचं मला आठवत नाही. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझे दोन्ही हात मनगटाला धरून हुंगले. "खोबरेल," म्हणाले, "जा, धुऊन ये." मी धुऊन आले. पुन्हा हुंगले. "साबण. परत जा." तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने हात धुताना मी ठरवून टाकलं की या माणसाशी माझं जमायचं नाही. ते कधी जमलंही नाही.

आमची प्रयोगशाळा सुरतेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या इमारतीत होती. माणसाच्या खुब्यात बसवलेले कृत्रिम सांधे काही वर्षांनी ढिले का होतात, ते आम्ही तपासायचो. तिथला तराजू इतका बारीक की बोटाच्या तेलाचा ठसाही वजनात धरला जाई. हे मला नंतर मॅडमनी समजावलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, शांत बाई. मास्तरांनी मात्र जन्मात काही समजावून सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, समजावून सांगितलेलं माणूस विसरतं, ओरडून सांगितलेलं विसरत नाही.

मास्तर मूळचे शिरपूरकडचे. वीस-बावीस वर्षं कतारगामच्या कारखान्यांत माग दुरुस्त करायचे, आणि माग दुरुस्त करणाऱ्याला सुरतेत मास्तरच म्हणतात. आमच्याकडे चालण्याची नक्कल करणारं यंत्र आलं. धातूचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत बसवायचा, वरून माणसाच्या वजनाइतका दाब द्यायचा, आणि पिवळसर द्रवात तो गोळा लाखो वेळा फिरवायचा. म्हणजे वर्षानुवर्षांचं चालणं काही महिन्यांत उरकतं. ते यंत्र शिकलेल्या इंजिनिअरांच्या हातात आठवडाभरही टिकेना, तेव्हा मॅडमनी मास्तरांना शोधून आणलं. ते यंत्राला लोखंडी सळई टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे आणि कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचे. ते कधी चुकले नाहीत याचाच मला जास्त राग यायचा.

आता माझा गुन्हा सांगते. रुजू होऊन चौथा-पाचवा दिवस असेल. शस्त्रक्रिया करून रुग्णांच्या शरीरातून काढलेले जुने सांधे आमच्याकडे बरण्यांतून यायचे. वर नाव नाही, नुसता नंबर. मास्तर जेवायला गेले होते. सत्तावीस नंबरच्या बरणीतला सांधा मला फारच कळकट दिसला. मांडीच्या हाडात जाणाऱ्या त्याच्या दांड्यावर काळपट, चिकट असं काहीतरी जमलेलं. आमच्या घरी शेजारणीची वाटीसुद्धा खरकटी परत द्यायची नाही, अशी आईची शिस्त. सुरतेत चिंधीला तोटा नसतो, प्रत्येक घरात साडीच्या कटपीसची थैली असते. मी पर्समधली पॉलिस्टरची चिंधी काढली, हातमोजे घातले आणि तो दांडा लख्ख होईपर्यंत घासला. शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती.

मास्तर आले. त्यांनी सांधा पाहिला, मग माझ्या हातातली चिंधी पाहिली. "पुशी टाकं?" एवढंच म्हणाले, आमच्या अहिराणीत. आवाज चढवला नाही. मी हो म्हटल्यावर त्यांनी ती चिंधी माझ्या हातून ओढून घेतली, एका बाटलीत कोंबली, वर नमुना टिकवणारा द्रव ओतला, चिठ्ठीवर सत्तावीस लिहिलं आणि बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली. त्या दिवसापासून माझं नाव चिंधी पडलं.

मी काय घासून काढलं होतं, ते मला महिनाभराने कळलं. सांधा ढिला होतो तो बहुतेकदा धातू झिजून नव्हे. प्लास्टिकच्या वाटीचा अगदी बारीक भुसा पडतो. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी तो गिळतात, पण त्यांना पचत नाही. मग त्या चिडतात, आरडाओरडा करतात, आणि त्या गोंधळात हाड खाणाऱ्या पेशी येऊन सांध्याभोवतीचं चांगलं हाड पोखरतात. खिळा तसाच राहतो, भिंत जाते. कधी उलटंही असतं. सांधा मुळात घट्ट बसलेलाच नसतो, हलत राहतो, आणि दांड्याला हाड धरायच्या ऐवजी नुसता मऊ पापुद्रा धरतो. यातलं काय घडलं, ते दांड्याला चिकटलेल्या त्या कळकट थरावरूनच ओळखायचं असतं. मी पुरावा पुसला होता, तोही घासून.

चूक मोठी होती, मी मान्य केली. पण चुकीला काही मुदत असते की नाही? मास्तरांकडे नव्हती. नवीन विद्यार्थी आला की ते आधी त्याला फळीखाली उभा करायचे, बाटली दाखवायचे आणि म्हणायचे, "ही चिंधी, आणि ती तिथं बसलेली तीपण चिंधी." विद्यार्थी हसायचे. मी घरी जाऊन आईवर ओरडायची. मास्तर आमच्या नवागाममध्येच, चार गल्ल्या सोडून राहायचे. मी भाजीला जाताना त्यांची गल्ली टाळायची. त्यांच्याशी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलायची, कारण माझी अहिराणी ऐकायचा त्यांना हक्क नाही असं मला वाटे.

त्यांचा दुसरा शत्रू म्हणजे 'चालशे', गुजरातीतलं 'चालेल', हा शब्द. सुरतेत अर्धी कामं 'चालशे' म्हणून पार पडतात. मास्तरांसमोर कुणी तो शब्द काढला की ते हातातला पाना खाली ठेवायचे. "किती चालशे? आकडा सांग." एकदा मी वाट्यांची वजनं घेतली आणि आनंदाने सांगितलं की या महिन्यात झीज जवळजवळ झालेलीच नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या एका भांड्याकडे बोट दाखवलं. त्यात तसलीच एक वाटी तसल्याच द्रवात नुसती भिजत पडलेली असायची. तिला काम काहीच नाही. "हिचं वजन कोण करील, तुझा बाप?" प्लास्टिक द्रव पितं आणि जड होतं, म्हणून झिजलेली वाटीसुद्धा वजनात पूर्वीइतकीच भरते. भिजणारी वाटी किती प्याली ते वजा केलं तरच खरी झीज कळते. मी वजा केलं. झीज होती. माझ्या बापाचा उद्धार करायची तरी गरज नव्हती. माझा बाप पलसाण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात, कॉस्टिक सोड्याच्या वाफेत उभा राहून आम्हा चार भावंडांना शिकवत होता.

मी एकदा मॅडमना म्हटलं, मला दुसऱ्या विभागात टाका, नाहीतर मी या माणसाच्या डोक्यात पाना घालीन. मॅडम म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस. त्यांना त्रास आहे." मला वाटलं, पोटाचा असेल.

आठ वर्षांनी मास्तर निवृत्त झाले. निरोपाला पेढे होते. सगळ्यांनी भाषणं केली, त्यांनी केलं नाही. जाताना फळीकडे बघून मला म्हणाले, "बाटली फेकू नकोस." मी म्हटलं, "आठ वर्षं लाज काढली, पुरे नाही झालं का?" ते चालायला लागले. ती बाटली मी त्याच दिवशी फेकणार होते. नेमका शिडी लावायचा कंटाळा आला.

वर्षभराने त्यांची बायको गेली. साधा ताप डोक्यात गेला म्हणे. मी मॅडमबरोबर भेटायला गेले, मॅडम एकट्या कशा जाणार म्हणून. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. परतताना रिक्षात मॅडमनी सांगितलं, "सत्तावीस नंबर तिचा होता." मला आधी कळेचना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरीणबाईंच्या खुब्याचं हाड ऐन चाळिशीत सुकलं. सांधा बदलला. सहा वर्षांत तो ढिला झाला, पुन्हा चिरफाड झाली. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं की बाई खाली बसतात, पाटावर बसून भाकरी करतात, त्यामुळेच सुटला. मास्तरांनी ते धरून ठेवलं. बायकोचा पाट माळ्यावर टाकला, शेगडी ओट्यावर चढवली, आणि उठताबसता तिला ऐकवायला लागले की तूच ढिला केलास. ती उभ्याने स्वयंपाक करायची आणि ऐकून घ्यायची. खरं काय ते कळावं म्हणून जुना सांधा त्यांनी स्वतःच मागून आणला होता. तो मी पुसला.

"त्यांनी मला चिंधीची तपासणी करा म्हटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मीच नाही म्हटलं. नमुना बिघडला होता."

त्या दिवशी मला मास्तरांची दया आली असं कुणाला वाटेल. नाही आली. मला भयंकर संताप आला. एका वाक्याने सुटणारी गोष्ट होती. ती बाटली माझ्या बायकोची आहे, एवढं म्हणायला या माणसाचं काय जात होतं? मला आठ वर्षं शिव्या आणि घरी तिलाही शिव्या. संताप त्यांचा आला तसा स्वतःचाही आला, पण स्वतःवरचा जरा उशिरा निवला.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली. मॅडमनी तेव्हा नाही म्हटलं त्याला कारण होतं. असला थर विरघळवायला आमच्याकडे तेव्हा कडक कॉस्टिक वापरत. आणि पॉलिस्टरला कॉस्टिक लागलं की ते कसं झडतं, ते पलसाण्याच्या कामगाराच्या मुलीला कुणी सांगायला नको. माझा बाप हेच करायचा, साडीचं वजन उतरवायचा. चिंधी स्वतःच झडली असती आणि तिचा भुसा प्लास्टिकच्या भुशात मिसळला असता. पण आता आमच्याकडे नवीन पाचक द्रव्य आलं होतं. ते मांस तेवढं विरघळवतं, कापडाला हात लावत नाही. आणि वाटीचं प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, पॉलिस्टर तळाला जातं. मी मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

आधी चिंधी भिंगाखाली धरली. धाग्यांत हाडाचे कण अडकलेले होते, आणि त्यांतल्या एका कणावर दांड्याच्या खडबडीत पृष्ठभागाचा ठसा होता. म्हणजे हाड दांड्याला धरलेलं होतं, सांधा घट्ट बसला होता. मग थर विरघळवला, द्रव यंत्रात गरागरा फिरवला. वर पांढरट साय आली. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ती साय म्हणजे नुसता वाटीचा भुसा होता. मॅडमनी अहवालात जपून लिहिलं की नमुना पुसलेला आहे, त्यामुळे खात्रीने सगळं सांगता येत नाही. पण हाड धरलेलं होतं आणि झिजेचे कण भरपूर आहेत.

मी तो कागद घेऊन चार गल्ल्या चालत गेले. मास्तर एकटेच होते. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"कितलं?" त्यांनी विचारलं. किती, हाच त्यांचा कायमचा प्रश्न. मी कणांचा आकडा सांगितला.

"म्हंजे तिनी चूक नव्हती."

"त्यांची कसली चूक? बसल्यामुळे सुटला असं यात कुठेच दिसत नाही," मी म्हटलं. "हाडाने धरला होता. वाटी झिजली. चालायला दिलेल्या सांध्यावर त्या चालल्या, एवढंच."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग माझ्यावर घसरले. "नऊ वरीस बाटली तुना डोयासमोर व्हती. उघाडीसन दखी नही तू."

बाटली उघडून पाहिली नाही, हाही माझाच गुन्हा. मला वाटलं होतं, निदान आज तरी हा माणूस बरं बोलेल. मीही मग सोडलं नाही. म्हटलं, "तुम्ही सांगितलंत कधी? मला चिंधी म्हणायला वेळ होता, कुणाची चिंधी ते सांगायला नव्हता? आणि त्यांना तरी काय सांगितलंत? कारण माहीत नव्हतं, तरी दोष दिलात. मला आकडा सांग म्हणायचात. तुमच्याकडे कुठला आकडा होता?"

हे बोलायला नको होतं. पण खरं होतं, आणि मी आजही ते मागे घेत नाही.  मास्तर उठले, खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि माळ्यावर हात घालून चाचपडू लागले. मी पडाल म्हणून खुर्ची धरली. त्यांनी एक लाकडी पाट खाली काढला आणि शेगडीच्या जुन्या जागी, भिंतीजवळ मांडला. त्यावर बोटभर धूळ होती. कडेच्या खाचेत कधीचं तरी पीठ वाळून बसलेलं होतं.

सवयीने मी ओढणीचा पदर पुढे केला. मास्तरांनी माझं मनगट धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं तसंच.

"पुसू नको, चिंधी," ते म्हणाले.

मी पदर मागे घेतला. आम्ही दोघं तिथेच खाली बसलो, पाट मोकळा ठेवून.