रेकॉर्डिंगमधली ओ

आमच्या काळेवाडीच्या घरात काही वर्षं टीव्ही असा वेगळा नव्हताच. माझ्या कॉलेजसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा वडिलांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यात टीव्ही दिसतो का?" त्याने आत एक कार्ड बसवून दिलं, मागे केबलची वायर जोडली आणि आमचा जुना टीव्ही भंगारात गेला. एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद वडिलांना पुढे कित्येक महिने पुरला. भोगलं मी. परीक्षा तोंडावर आली तरी आई खुर्चीमागे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "तुझं झालं असंल तर मालिका लाव की."

त्या कार्डाचा एक फायदा मात्र होता. वेळ लावून ठेवली की कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड व्हायचा. आई दुपारी ब्लाउज शिवायला बसायची, तेव्हा चुकलेली मालिका ती संध्याकाळी भाजी निवडत बघायची. जाहिराती मी पुढे ढकलायचे. तेवढ्यापुरती घरात माझी किंमत होती.

वडील महाळुंग्याला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये होते. गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबायचं काम. त्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, आणि स्वतःचा आवाज केवढा आहे याचाही अंदाज सुटला होता. ते हळू म्हणून जे बोलायचे ते शेजारच्यांना स्वच्छ कळायचं.

एकदा आमच्या भागातल्या हॉलमध्ये एका वाहिनीचा बायकांसाठीचा कार्यक्रम झाला. खेळ, गप्पा, शेवटी उखाणे. शेजारणींनी आईला ओढून नेलं. परत आली ती लाल होऊन. उखाणा कोणता घेतला ते मात्र सांगेना. "टीव्हीवर दिसंल तवा बगा," एवढंच. आमच्या आईने आयुष्यात वडिलांना नावाने हाक मारली नव्हती. अहो, ऐकलं का, हिचे पप्पा, यावरच तिचं सगळं भागायचं. त्यामुळे तिने साऱ्या महाराष्ट्रासमोर नाव कसं घेतलं असेल याची आम्हाला भलतीच उत्सुकता होती.

प्रक्षेपणाची तारीख कळली तेव्हा आई लातूरकडे, आजारी मावशीपाशी गेलेली होती. तिकडे लाइटची बोंब. तिचा फोन आला, "काय बी कर, पण धरून ठेव. मला मी दिसले पायजे." आईने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

कार्यक्रम गुरुवारी दुपारी होता. वडील खूश. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बाकी जगाचा रविवार तो आमचा गुरुवार. "बरं झालं, घरीच हाय मी," असं म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच मला वेळ लावून ठेवायला लावली. कंपन्या बंद असतात म्हणूनच वीजवाले दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतात, हे घरातल्या दोघांनाही पाठ होतं, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही. जेवणं उरकली आणि पंखा थांबला. यूपीएस थोडा वेळ ओरडला आणि गप्प झाला.

वडिलांनी चपला घातल्या. कासारवाडीला चाचांचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान होतं. चाचा पूर्वी वडिलांबरोबर प्रेसवर होते, नंतर स्वतःचा धंदा काढला. त्यांच्या दुकानात लाइट जाणं म्हणजे हलवायाने उपाशी राहणं. वडिलांनी कॉम्प्युटरच्या वायरी पत्रा उचलावा तशा हिसकून काढल्या, आणि रिक्षात मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन ते आणि मॉनिटर कवटाळून मी, असे आम्ही निघालो.

चाचांनी काउंटरवरच्या बॅटऱ्या बाजूला केल्या. "आण बेटा, इथं ठेव. केबल हाये, लाइट हाये, आणखी काय पायजे?" सगळं जोडलं. चित्र आलं. आवाज नाही. कार्डाचा आवाज एका वीतभर वायरीने कॉम्प्युटरमध्ये जायचा, आणि ती वायर घरी टेबलामागे पडली होती. मला रडू फुटायचं बाकी होतं. कार्यक्रम सुरू झाला होता.

हेडफोन तेवढा मागच्या खाचेत अडकून आला होता, त्याला माइक होता. चाचांच्या दुकानात भिंतीवर छोटा टीव्ही होता. त्यांनी त्यावर तीच वाहिनी लावली, आणि मी स्टुलावर चढून माइक त्याच्या स्पीकरला लावून धरला. चित्र कार्डाचं, आवाज भिंतीवरचा. "आता कुणी बोलू नका," मी बजावलं. चाचांनी तोंडावर बोट ठेवलं. वडील ऐकू यावं म्हणून अगदी टीव्हीखाली येऊन उभे राहिले.

शेवटी आई आली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मान खाली. निवेदिकेने माइक पुढे केला आणि आईने म्हटलं,

"प्रेसचा घाव बसतो, पत्र्याचं होतं दार..."

पुढे तिने वडिलांचं नाव घेतलं. आणि वडिलांनी, आजवर या बाईच्या तोंडून न ऐकलेलं आपलं नाव ऐकून, प्रेस शॉपमधल्या आवाजात ओ दिली.

"ओ!"

मग चाचांचं हसणं, माझं "पप्पा!", आणि पडद्यावरच्या टाळ्या. उखाण्याचा शेवट त्यात कायमचा बुडाला.

आई आल्यावर तिने ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "एवढं जुळवून म्हणले होते मी, अन् खाल्लं की हो सगळं." शेवट तिलाच म्हणून दाखवावा लागला: नाव घेते, ऐका एकवार. "ऐकलं की," वडील म्हणाले. पाहुणे आले की रेकॉर्डिंग लागायचं आणि हे भांडणही लागायचं. आई दर वेळी मला म्हणायची, "एवढी शिकलीस, तेवढं ह्यांचं ओरडणं काढ की त्यातून." मी करते म्हणायचे. जुना कॉम्प्युटर गेला, फाइल सीडीवर गेली, मग पेनड्राइव्हवर, मग माझ्या लॅपटॉपवर. ओ तशीच राहिली.

वडील जाऊन आता दोन वर्षं होतील. मध्यंतरी माझ्या कंपनीतल्या एका मैत्रिणीने एक सॉफ्टवेअर दाखवलं, एकमेकांत मिसळलेले आवाज वेगळे करणारं. मी घरी बसून ते केलं. पहिल्या फटक्यात नाही जमलं, पण जमलं. आईचा आवाज थोडा पत्र्यासारखा येतो, तरी शब्द न् शब्द कळतो. तिची इतक्या वर्षांची मागणी पुरी झाली म्हणून मी खरंच हुरळून गेले होते.

तिला खुर्चीत बसवून लावलं. उखाणा आला, नाव आलं, "ऐका एकवार" आलं, टाळ्या आल्या. आई लक्ष देऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं केलंस." मग म्हणाली, "पण ह्यात मी नाव घेतलं तरी ते ओ देत न्हाईत गं. पयलं लाव."

मी पहिलं लावलं.