सागरगोट्याचं कुंपण

परवा पोटदुखीच्या चूर्णासाठी सागरगोटा भाजला आणि त्या कडवट वासाबरोबर पुसदजवळच्या आमच्या शेताचा बांध आठवला. बोंडअळीनं सलग दोन हंगाम कपाशी खाल्ली होती आणि तिसऱ्या वर्षी जे उभं होतं त्यावरच आमचं घर चालायचं होतं. लहान दिराचं शेत आमच्या शेताला लागूनच. मधल्या बांधावर मी वाढवलेलं सागरगोट्याचं काटेरी कुंपण त्याला खुपायचं. "वयनी, औषधाले दोन झाडं पुरे. एवढे काटे कायले? माह्या कपाशीची एक ओळ खाल्ली यानं," असं म्हणत एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊन आलाच. मी त्याला आधी मागे वळून स्वतःचं शेत पाहायला लावलं. रात्री नाल्याकडून रानडुकरं शिरली होती. तूर आडवी, कपाशी उपटलेली, आणि खुरांच्या खुणा माझ्या कुंपणापर्यंत येऊन परत फिरलेल्या. माझ्याकडचं एक बोंडही हललं नव्हतं. कुऱ्हाड खाली टेकवून तो म्हणाला, "बिया देता काय?" मी एक बी दगडावर खसाखसा घासली आणि त्याच्या मनगटाला टेकवली. चटका बसून तो उडालाच. "अशी घासून पेरा भाऊजी, कवच टणक असते, नाईतं उगवत नाई," मी म्हटलं, "आन् कुऱ्हाड इथंच ठेवून जा." ती कुऱ्हाड अजून माझ्याच घरी आहे, आणि नाल्याकडचं त्याचं कुंपण आता माझ्या कुंपणापेक्षा उंच झालंय.