टोमॅटोचे बांबू

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, माझ्याहून लवकर फिरायचं. आम्ही खडकीला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मागच्या अंगणात त्यांनी मिरच्या, वांगी, टोमॅटो लावलेले असत. पाणी घालायचं काम माझं. मी विसरलो की आप्पा टोमॅटोला आधार दिलेला बांबू उपटायचे आणि त्यानंच मला फोडून काढायचे. मी दोन्ही हात डोक्यावर धरून भिंतीशी बसायचो. एकदा बांबू मोडला, तर त्यांनी शेजारचा उपटला. मार खाऊन झाला की ते बांबू मीच परत रोवायचे, आणि तेही सरळ.

माझी मुलगी झाली तेव्हा मी स्वतःला बजावलं, की या पोरीला माझ्या हाताची भीती कधी वाटता कामा नये. बाकी काही नाही जमलं तरी चालेल. ती आता आठ वर्षांची आहे आणि आजवर मी तिला बोटही लावलेलं नाही. राग आला की मी फावडं घेतो आणि मागे जाऊन माती खणतो. इथे जगाच्या पार दक्षिण टोकाला, ख्राइस्टचर्चला, रिकार्टनमधल्या आमच्या घरामागे बाग झाली ती अशी. शेजारची म्हातारी कौतुकानं म्हणते, "यू डिग हीप्स!" म्हणजे, किती खणतोस! आता तिला काय सांगू?

इथे भाजी लावायची म्हणजे फ्रॉस्टशी, पहाटे सगळं गोठवणाऱ्या हिमाशी, मारामारी. म्हणून मी फ्रिजवर एक तक्ता चिकटवलाय. ऑगस्ट म्हणजे इथला सरता हिवाळा, तेव्हा बी घरात खिडकीत पेरायचं. नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत एकही रोप बाहेर काढायचं नाही. एप्रिल लागला की उरलंसुरलं तोडून घरात आणायचं. मधले साडेचार महिने आपले, बाकीचे त्या हिमाचे. पहिल्या वर्षी मी घाई केली होती आणि एका पहाटेत सगळं झोपलं होतं.

मागच्या सप्टेंबरात आप्पा आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच. हात थरथरायला लागलेले, पण बोलणं तेच. "झाडं काय तक्ता वाचून वाढतात होय रे?" त्यांनी नवरात्रात घट बसवला. हीटपंपच्या उबेत धान्य असं तरारून आलं की विचारू नका. झालं! आप्पांना खात्री पटली, की इथली जमीन जागी झाली. दसऱ्याच्या मुहूर्तावर, मी ऑफिसला गेलेलो असताना, त्यांनी माझी सगळी रोपं वाफ्यात लावून टाकली. बावीस मिरच्या, आठ वांगी, दहा टोमॅटो. ऑगस्टपासून जपलेली.

मी घरी येऊन थयथयाट केला. बायको म्हणाली, "अहो, आता लावलीयत ना? झाका." मग रोज संध्याकाळी मी पांढरं फ्रॉस्टचं कापड रोपांवर ओढायचो, कडांना विटा ठेवायचो आणि सकाळी ऊन आलं की काढायचो. एवढं आप्पांना बजावून सांगितलं होतं, की कापडाला हात लावायचा नाही. तीन-चार आठवडे निभावलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दक्षिणेचं बर्फगार वारं सुटलं, दोन दिवस झोडपलं आणि मग एकदम पडलं. आकाश निरभ्र. मी दुप्पट कापड घातलं. सकाळी सातला मागे गेलो, तर गवत पांढरंफेक. त्यात आप्पा उभे. डोक्याला माकडटोपी, पायात माझ्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि हातात त्या कापडाची छान घडी.

"पाचलाच काढलं," ते म्हणाले. "रोज कोंडून ठेवतोस. रात्रभर गुदमरतात बिचारी. जरा दव खाऊ दे की."

दव! पुण्याच्या थंडीतलं दव त्यांच्या डोक्यात होतं. हे दव रोपांवर बसलं आणि तिथंच गोठलं. माझ्या डोळ्यांदेखत पानांवर ऊन आलं आणि पानं लोंबायला लागली, शिजलेल्या पालकासारखी. चाळीसच्या चाळीस.

तळपायाची आग मस्तकात गेली. फावडं भिंतीला टेकवलेलं होतंच. मी ते उचललं आणि वाफ्यावर घालायला सुरुवात केली. मिरच्या तोडल्या, वांगी चेचली, टोमॅटो मुळासकट उडवले. माती भिंतीवर थडाथड आपटत होती. तोंडानं काय काय बोललो ते लिहीत नाही.

आप्पा म्हणाले, "अरे थांब, काही जगतील..."

"जगतील?" मी वळलो. फावडं माझ्या डोक्याच्या वर होतं आणि मी त्यांच्याकडे चालत निघालो होतो.

आप्पांनी कापड टाकलं. दोन्ही हात डोक्यावर धरले आणि कुंपणाशी मटकन खाली बसले. अगदी मी बसायचो तसे. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"बाबा, स्टॉप! स्टॉप इट!" मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, शाळेचं दप्तर पाठीला. मी फावडं टाकलं. ती माझ्याकडे न येता पळत आजोबांकडे गेली आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

दोन आठवडे घरात कामापुरतंच बोलणं झालं. मी मुलीला सॉरी म्हणालो, ती "इट्स ओके" म्हणाली. आप्पांनाही म्हणालो. नोव्हेंबर अर्धा झाला. मी तक्त्याप्रमाणे बाजारातून नवी रोपं आणली आणि तिघांनी मिळून लावली. आप्पा खड्डे दाखवत होते, मुलगी पाणी घालत होती. ती हसलीसुद्धा एकदा. मला वाटलं, चला, मिटलं.

शेवटी टोमॅटोला आधार द्यायचे होते. बांबू शेडच्या आढ्यावर ठेवलेले. मी हात वर करून एक ओढला आणि वळलो.

मुलीच्या हातातली झारी पडली. तिचे दोन्ही हात डोक्यावर गेले होते.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांनी माझ्याकडून बांबू काढून घेतला, परत आढ्यावर सरकवला आणि म्हणाले, "राहू दे रे. लोळू देत."

त्या वर्षी आमचे टोमॅटो जमिनीवरच लोळले. निम्मे गोगलगायींनी खाल्ले. मी एकही बांबू रोवला नाही.