अल्लीपूरच्या बसमधली बाई

नातीला सांगितलेलं नाही, पण कॉलेजात असताना आईने दिलेला चिवड्याचा डबा मी वसतिगृहाच्या खोलीचं दार लावून एकटीने संपवला होता. दिला तर संपेल, एवढी माझी अक्कल. महिनाभर वसतिगृहातलं कोणी माझ्याशी बोललं नाही, तेव्हा शिक्षण सोडून घरी जायला अल्लीपूरच्या बसमध्ये बसले.

शेजारची बाई शेंगा सोलत होती. चार दाणे स्वतः खायची, चार मागच्या अनोळखी म्हातारीला द्यायची. न विचारता माझ्याही हातावर ठेवले. मी रडत रडत सगळं सांगितलं.

टरफलं पदरात गोळा करत ती म्हणाली, "उद्याच वापस जाजो, पोरी. शेजारच्या खोलीत सुई मागजो. आपल्यापाशी असली तरी मागजो. वापस द्याले अजून एकदा जाणं होते."