कोरा राहिलेला चौकोन

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. आणि मी कोण? — लग्नात पंगत उठेपर्यंत घराण्याचे किस्से सांगणारा. माझं तोंड बंद राहावं म्हणून लोक मला मुद्दाम जास्तीची जिलबी वाढतात. तरी ही एक गोष्ट पोटात राहिली. कशी राहिली, माझं मलाच नवल.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, शेवटची सात-आठ वर्षं झोकांड्या खात चालायचे. जीभ जड झालेली, हातातला पेला हिंदकळायचा. सगळं सावदा गाव म्हणायचं, पितो. आई दारात उभी राहून सांगायची, "त्यायनं जिनगीत सुपारी खाल्ली नाही, दारू कुठली!" खरंच होतं ते. केळीच्या बागेतून दंडाला धरून त्यांना मीच आणायचो ना — तोंडाला वास असायचा तो गुळाच्या चहाचा.

आबा गेले. दोनेक वर्षांनी, ऐंशीच्या सुमारास, मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. धुळ्याच्या आमच्या चुलत्यांनाही तशीच चाल लागली होती. बाई म्हणाल्या, हा मेंदूचा आजार रक्तातून उतरतो. कुणाला, कितव्या वर्षी, काय काय झालं हे नीट जुळवलं तर मूळ दोष सापडेल. वंशावळ कुणाला पाठ? — मला! मी खुशीत मांडी घालून बसलो. बाई कागदावर मांडू लागल्या: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तो काळा. पणजोबांपासून मी धडाधड सांगत सुटलो. मग त्यांची पेन्सिल आबांच्या चौकोनावर थांबली. यांची चाल कशी होती?

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचं, सुमनचं, दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या मुलाशी जमत आलं होतं. पण नुसती सुमनच होती का डोळ्यांपुढे? आबांच्या चौकोनाखालची पहिली रेघ — ती माझ्यावरच येत नव्हती का?

"ते प्यायचे," मी म्हणालो.

चौकोन कोरा राहिला. आमचं रक्त बाईंनी घेतलंच नाही. आई चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं कप खाली ठेवले, आत गेली. त्यानंतर गावात कुणी आबांना दारुडा म्हटलं तरी ती दारात आली नाही. मरेपर्यंत नाही.

आणि मी? खोटं टिकवायचं तर ते परत परत सांगावं लागतं. मी लग्नकार्यात आबांची चाल करून दाखवू लागलो — उपरणं घसरलेलं, हात हवेत. लोक पोट धरून हसायचे. सुमनसुद्धा. आई गप्प झाल्यावर सुमननं माझंच खरं धरलं होतं. दुसरं काय धरणार?

पुढे, नव्वदीत, बाईंचं पत्र धुळ्याला आलं. दोष सापडला होता. आमच्या घराण्यात तो पिढीगणिक वाढत जातो, म्हणून बापापेक्षा पोराला लवकर गाठतो. चुलतभावानं पत्र माझ्याकडे दिलं — घरातला शहाणा मी ना! दोनदा वाचलं. घडी घालून परत केलं.

पत्रानंतर तीन-चार वर्षांनी, दिवाळीत, दीपनगरला होतो. सुमनचा थोरला, सतरा वर्षांचा, क्वार्टरच्या जिन्यावरून भिंत धरून उतरत होता. शेवटच्या पायरीवर तोल गेला. सुमननं पाठीत धपाटा घातला.

"मेल्या, ढोसून आलास? अगदी आजोबावर गेलास!"

"आई, शपथ गं, नाही!"

"भाऊ, तूच बघ याचं तोंड हुंगून."

मी वाकलो. करंजीतल्या वेलदोड्याचा वास आला. दुसरा कसलाच नाही. सुमन माझ्याकडे बघत होती, पोरगाही. मला सगळं ठाऊक होतं — आणि मी म्हणालो, "जाऊ दे गं, सणासुदीचं रागावू नकोस."

पोरानं मान खाली घातली आणि भिंत धरून आत गेला.