साडूंचं नाक आणि खंबाटकीचा बोगदा

काही माणसं डोक्यानं जगतात, काही मनानं. आमचे धाकटे साडू आयुष्यभर नाकानं जगले. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. राहायला सदाशिव पेठेत, नोकरीला हिंजवडीत आणि मुक्काम कायम सायनसमध्ये. गप्पा कुठूनही सुरू होवोत, रुपयाच्या भावावरून किंवा जावयाच्या मानावरून, चहा संपेपर्यंत त्या त्यांच्या डाव्या भुवईच्या वर येऊन थांबत. त्या जागी ठणकलं की संध्याकाळी आभाळ येणार, हे ते वेधशाळेच्या आधी सांगत, आणि चुकलेच तर म्हणत, "आभाळ आलं होतं, तुम्ही वर बघितलं नाहीत." लग्नाच्या पंगतीत श्रीखंड वाढणाऱ्याला थांबवून ते फ्रिजमधून कधी काढलं याची चौकशी करत. ऑफिसातल्या एसीमुळे ऐन मे महिन्यात कानटोपी घालून बसत. एकदा अमेरिकेतल्या साहेबांशी फोनवर बोलताना त्यांचं नाक इतकं चोंदलं होतं, की 'मॉड्यूल'चं 'बॉड्यूल' झालं. साहेब सज्जन. त्यांनी हा काही नवा भारतीय प्रकार असावा असं समजून पुढच्या ईमेलमध्ये तोच शब्द लिहिला. साडूंच्या टीममधली पोरं पुढे कितीतरी वर्षं बॉड्यूलच लिहीत होती.

आम्ही सगळे हसायचो, तेही हसायचे. मग एका पावसाळ्यात सर्दी सायनसमध्ये उतरली आणि आठवडे झाले तरी हटेना. नाक दोन्ही बाजूंनी बंद, डोकं जड. दुकानातून स्वतःच आणलेल्या सर्दीच्या गोळ्या ते चण्यासारख्या खात होते. अशात एका सकाळी कंपनीची बस वाकडच्या पुलाखाली वाहतुकीत अडकली. काचा बंद, एसी चालू. साडूंना वाटलं, हवा संपली. छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, घाम फुटला. ते उठून ड्रायव्हरला म्हणाले, "दार उघडा, मी मरतोय." ड्रायव्हरनं दार उघडलं. दोन सहकाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम काढला, तो अगदी स्वच्छ. मी भेटायला गेलो तर पलंगावर बसून होते. म्हणाले, "अहो, मला मरण येऊन गेलं आणि कागदावर त्याची नोंदसुद्धा नाही."

त्यानंतर ते प्रकरण थांबेना. नाक चोंदलं की धडधड, धडधड झाली की धाप. बस सुटली, ते स्कूटरवरून जाऊ लागले. मग लिफ्ट सुटली. मग नाट्यगृह. शेवटी साताऱ्याला जाणं सुटलं, कारण जाताना घाट असला तरी येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. साताऱ्याला आमच्या सासूबाई राहायच्या. त्या थकत चालल्या होत्या आणि धाकटे जावई हा त्यांचा जीव की प्राण. मेहुणी एकटी जाऊन यायची आणि विचारलं की सांगायची, "त्यांना ऑफिसात फार काम आहे." सासूबाई दाराकडे बघत राहायच्या, असं ती माझ्या बायकोला सांगताना रडली.

मग मेहुणीनंच त्यांना पेठेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत मी होतो. बाईंनी नाक तपासलं, गोळ्यांची पाकिटं बघितली आणि ती आधी बंद करायला लावली. म्हणाल्या, "या गोळ्यांनी काहींची छाती धडधडते. त्यात नाक बंद, म्हणून तुम्हाला वाटतं श्वासच बंद झाला. घाबरून तुम्ही भराभर श्वास घेता, त्यानं चक्कर येते, मुंग्या येतात, मग तुम्ही आणखी घाबरता. नाकाचं मी बघते. भीतीचं बघायला मनाच्या डॉक्टरांकडे जा."

साडू दुखावले. "म्हणजे मी वेडा?"

"वेडे असतात तर इतकं समजावत बसले नसते," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चुलत्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना नाकाची हकीकत सांगणारा हा माणूस मनाच्या डॉक्टरांकडे मात्र चोरासारखा जाऊ लागला. मला म्हणाले, "नाकाचं सांगायला काही वाटत नाही हो. घाबरतो हे कसं सांगायचं?" मी म्हटलं, "मला सांगितलंत की आत्ता." नाक महिन्याभरात सुटलं. भीतीला वेळ लागला. ती मध्येच नाहीशी व्हायची, मध्येच परत यायची. सावकाश श्वास सोडायचा सराव ते गच्चीवर करत, समोरच्या बिल्डिंगमधले लोक बघत असले तरी.

पुढच्या उन्हाळ्यात ते स्वतःच म्हणाले, "साताऱ्याला जाऊ." परत येताना मी गाडी चालवत होतो. मी विचारलं, "बोगदा टाळून मांढरदेवीवरून वळसा घेऊ या का?" ते म्हणाले, "नको. असंच चला." बोगद्यात त्यांनी डोळे मिटले नाहीत. मागून मेहुणीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. लांब लांब श्वास सोडल्याचा आवाज तेवढा येत होता. बाहेर आल्यावर शिरवळला गाडी थांबवली. तिथे चहा घेताना ते म्हणाले, "आत वाटलं, आता मरणार. मग आठवलं, हे मागेही वाटलं होतं."

त्यानंतर ते वरचेवर साताऱ्याला जाऊ लागले. हिवाळ्यात सासूबाईंचं हृदय थकलं. त्यांना धाप लागायची आणि धापेपेक्षा जास्त भीती वाटायची. आम्ही सगळे धावपळ करायचो, कुणी पंखा लावायचं, कुणी डॉक्टरांना फोन, आणि त्या आणखीच घाबरायच्या. औषध दिल्यावरही त्यांचे डोळे भिरभिरत राहायचे. मग साडू खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायचे. त्यांचा हात हातात घेऊन म्हणायचे, "आई, मला ठाऊक आहे कसं वाटतं ते. माझ्याबरोबर सोडा श्वास. हळू. आपल्याला कुठे जायची घाई आहे?" त्या त्यांच्या तोंडाकडे बघत श्वास सोडायच्या. खोलीत दोघांच्या श्वासांशिवाय आवाज नसायचा. शेवटचे काही दिवस त्यांना बोलवत नव्हतं, तेव्हा त्या नुसता हात पुढे करायच्या, आणि तो कुणासाठी केलाय हे आम्हा सगळ्यांना कळायचं.